बंदराच्या रांगेतला दिवस

तमिळ मुलखात, तांबरमला भाड्याच्या खोलीत राहायचे तेव्हाची गोष्ट. अवजड ट्रक बनवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनियर होते. आमचा नवा ट्रक, लांबलचक कंटेनर ओढणारा, एका वाहतूकदाराला चाचणीसाठी दिला होता. ड्रायव्हरच्या सीटला किती हादरे बसतात ते मोजायला मी सोबत जायचं ठरलं. इरुंगाट्टुकोट्टैहून बंदरापर्यंत, दोन-तीन तासांचं काम. जेवायला ऑफिसात परत येते, असं मैत्रिणीला सांगून पहाटेच निघाले.

ड्रायव्हर पन्नाशीचे, तमिळ. मी त्यांना अण्णा म्हणत होते, ते मला अम्मा. त्यांचं मोडकं हिंदी आणि माझं मोडकं तमिळ, त्यावर छान चाललं होतं. एवढं ओझं घेऊन पूल चढताना गाडीला जराही धाप लागली नाही, तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "हत्ती आहे, अम्मा!" मला माझंच कौतुक झाल्यासारखं वाटलं.

बंदराच्या रस्त्याला लागलो आणि नऊच्या सुमारास गाडी थांबली. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. माझ्या बाजूचा ट्रेलर इतका खेटून उभा की दार वीतभरच उघडत होतं. अण्णांच्या बाजूला दुभाजक.

उभ्या गाडीचं इंजिन पाच मिनिटांनी आपोआप बंद व्हायचं. डिझेल वाचवायची ही सोय आमच्याच विभागाची. इंजिन बंद की एसी बंद. अण्णा पुन्हा सुरू करत, पुन्हा ते बंद पडे. अकरापर्यंत माझा कुडता पाठीला चिकटला. पाणी प्यायचं तर मी केव्हाच थांबवलं होतं, तरी पोट दुखायला लागलं. सांगायची लाज वाटत होती. अण्णांनीच ओळखलं.

"मागे चहाची टपरी आहे. तिथल्या बाईला सांगा, अण्णांनी पाठवलंय."

ते मागच्या बर्थवर सरकले. मी त्यांच्या सीटवरून, स्टिअरिंगला धडकत खाली उतरले. एका बाजूला दुभाजक, दुसरीकडे माझ्या कमरेच्या वर येणारी चाकं. कुणी गाडी हलवली तर, एवढंच डोक्यात. टपरीवालीने काही न विचारता टपरीमागच्या तिच्या घराचं न्हाणीघर दाखवलं.

तिथूनच ऑफिसातल्या साहेबांना फोन करून गाडी अडकल्याचं सांगितलं. "हादरे चालत्या गाडीचे मोजायचेत. लॅपटॉप घे आणि रिक्षाने ये," ते म्हणाले.

मी लॅपटॉप घ्यायला पुन्हा केबिनमध्ये चढले तर अण्णा फोनवर होते. त्यांनी फोन ठेवला तसं मी विचारलं,

"घरून?"

"बहीण. उद्या सकाळी तिच्या मुलीचे कान टोचायचेत. आमच्यात मामाच्या मांडीवर बसवून टोचतात. आज गाडी खाली झाली असती तर संध्याकाळच्या बसने गेलो असतो." त्यांनी समोर पाहिलं. "आज काही बंदराचं गेट दिसत नाही."

"दुसरा ड्रायव्हर बोलवा ना."

"मालक म्हणतो, कुणी नाही."

तेवढ्यात पुढची गाडी हलली. अण्णांनी गिअर टाकला, आम्ही सात-आठ फूट सरकलो आणि थांबलो. बाजूचा कुणी घुसू नये म्हणून त्यांनी गाडी पुढच्याला अगदी भिडवून लावली होती.

मी लगेच उठू शकले नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन तीनपर्यंत बसून राहिले. उकाड्याने डोकं ठणकत होतं आणि तरी निघते म्हणायला तोंड उघडत नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, "जा अम्मा. तुम्ही बसून रांग पुढे जाणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन केला.

"आत आलो," अण्णा म्हणाले. "आता बाहेर पडायची रांग आहे."

"आणि कान?"

"टोचले. तिच्या काकाने मांडीवर घेतलं. फार रडली म्हणे."

मग त्यांनीच विचारलं, काल वेळेत पोचलात ना, जेवलात ना. हो म्हटलं. मागून हॉर्न वाजला, तसा त्यांनी फोन ठेवला.