दुफीमावशीचं तापणारं कार्ड

दुफीमावशीच्या पायाला भिंगरी आहे. घानातल्या कुमासी शहराच्या आसाफो भागात तिचं मयताची पोस्टरं करायचं दुकान. काम बैठं, पण बाई खुर्चीला पाच मिनिटं टेकेल तर शपथ! निम्म्या गावातल्या मेलेल्यांचे फोटो तिने उजळले, त्यांना टाय लावले, वर ठळक अक्षरांत ‘केवढा धक्का!’ लिहिलं. कधी कुठे अडली नाही.

जानेवारीत तिचा धाकटा भाऊ येबोआ गेला, एकतिसाव्या वर्षी. आई गेल्यावर तिनेच पाठीशी बांधून वाढवलेला. आमच्याकडे अंत्यविधी काही आठवड्यांनी होतो; त्याचा या शनिवारी होता, म्हणजे बुधवारी संध्याकाळी पोस्टर भिंतींवर लागायलाच हवं. आणि बुधवारी सकाळीच मला हाक आली, “अडुसेई, मेल्या, पडदा परत काळा झाला. ये लवकर!”

तिचा कॉम्प्युटर मीच सांभाळतो. वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला की त्यातल्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा धुळीने गच्च होतो. तीन पंखे बदलले. गेल्या शनिवारी वैतागून पंखाच काढून टाकला. एका मेलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधला खाचाखाचांचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा कापला, कार्डावरचा उष्णता वाहून नेणारा वाळका लेप खरवडून नवा लावला आणि उष्णता ओढून घ्यायला ठोकळा कार्डाला आवळून बसवला. पंखाच नाही, तर धूळ ओढणार कोण?

तरी दर वीस मिनिटांनी पडदा काळा होत होता.

“पंखा काढलास, आता माझं डोकंही काढून ने!” मावशी ओरडली. बघतो तर काय, कॉम्प्युटरच्या पेटीवर जाडजूड क्रोशाचं आवरण.

“मावशी, गोधडी पांघरून कोण गार होतं का?”

“धूळ बसते ना!”

“बसू दे.”

आवरण काढलं. आत कार्ड आडवं, ठोकळा त्याच्या पोटाला, गरम हवा तिथेच कोंडलेली. माझंच चुकलं होतं. पेटी कुशीवर निजवली, तसं कार्ड उभं राहिलं, खाचाही उभ्या झाल्या आणि गरम हवेला वर जायला वाट मिळाली. झाकण काढून धूळ अडवायला मच्छरदाणीचा तुकडा ताणला. सकाळी ठोकळ्यावर बोट ठेवलं तर दोन म्हणेपर्यंत चटका बसायचा. आता चालू करून अर्ध्या तासाने ठेवलं, दहा मोजले, चटका नाही.

मावशीने येबोआचा टाय निळा केला, काळा केला, परत निळा. उठली, पाणी प्यायली, बसली. तास झाला. सारखी पेटीकडे बघत होती.

“बंद कसा पडत नाही रे?”

“नाही पडायचा आता.”

“कशाला केलंस एवढं नीट?” ती एकदम फुटली. “तुला कोणी सांगितलं होतं, मुडद्या?”

चार दिवस तिला शिव्या देताना ऐकत होतो, आणि पडदा काळा झाला की तिला सुटल्यासारखं वाटत होतं, हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. पडद्यावर नाव होतं, जन्मतारीख होती. खालची, मृत्यूच्या तारखेची ओळ रिकामी होती.

“बोट ठेव परत,” ती हळूच म्हणाली.

ठेवलं. तापलंय म्हणून खोटं बोलता आलं असतं, पण बाहेर पोस्टर लावणारे खळ घेऊन उभे होते.

“गार आहे, मावशी.”

तिने डोळे पुसले आणि तारीख टाकली.