मांजरांनी राखलेलं काँट्रॅक्ट

“झाडांचं पाणी गार करा,” मॅडम म्हणाल्या. सप्टेंबर नुकताच लागला होता आणि सकाळी सकाळीच माझ्या हातातल्या पाइपातून चहाला चालेल असं पाणी येत होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी दुबईत एका लँडस्केपिंग कंपनीत सुपरवायझर होतो. मॅडम जुमैरातल्या एका व्हिला कंपाउंडच्या मॅनेजर, नुकत्याच इंग्लंडहून आलेल्या. तिकडे सप्टेंबरात हवा गार होते. आमच्याकडे भट्टीचं दार जरा किलकिलं होतं, एवढंच. या दिवसांत वाळलेलं काढायचं, वाफे उकरून खत मिसळायचं आणि गप्प बसायचं. पहाटे सुहैल तारा दिसला की उन्हाळा उतरला, असं इथले जुने लोक मानतात. तो दिसला होता. तरी फुलझाडांना आम्ही नोव्हेंबरपर्यंत हात लावत नाही.

मॅडमना दम धरवत नव्हता. गुरुवारी कंपाउंडच्या मालकांची आई यायची होती. तिच्यासाठी गेटपासून पायऱ्यांपर्यंत पिटुनिया हवे होते. हे थंडीतलं नाजूक फुलझाड. फुललेली रोपं त्यांनी हॉलंडहून विमानानं मागवलीसुद्धा होती.

“मॅडम, मरतील.”

“मग तुमचं काँट्रॅक्टही मरेल.”

काँट्रॅक्ट गेलं की माझी पोस्ट, पोस्ट गेली की व्हिसा. बायको नुकतीच आली होती, मुलीला शाळेत घातलं होतं. खोटं कशाला बोलू, मी टरकलो.

आमचे बॉस अबू सामी, लेबनॉनचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“हबीबी, टाकीत बर्फ टाक. खलास.”

“एवढा बर्फ आणायचा कुठून?”

“देरा भागात माझ्या मेव्हण्याचा मासळीचा धंदा आहे. फुकट देईल.”

फुकट म्हटलं की अबू सामींना पुढचं काही दिसत नसे. गुरुवारी पहाटे अबू सामी स्वतःच पिकअप घेऊन आले. बर्फ वापरलेला, त्यावर रात्रभर हमूर मासे झोपलेले. तो टाकीत गेला आणि पाणी वाफ्यांत. आदल्या संध्याकाळी लावलेल्या पिटुनियांनी माना वर केल्या. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात पहिलं मांजर आलं. मग भिंतीवरून तीन, गेटखालून अख्खं खटलं. बिचाऱ्यांनी सगळा उन्हाळा एसीच्या गळणाऱ्या पाण्याखाली काढला होता. आता गार, ओल्या, वर मासळीच्या वासाच्या गाद्या मिळाल्या. फुलांवर खुशाल आडवी झाली. एका वाफ्यातून हाकललं की शेजारच्यात.

मॅडम बाहेर आल्या. “हे काय आहे?”

“मांजरं, मॅडम.”

तेवढ्यात गाडी आली. काळ्या अबायातल्या आजी उतरल्या. मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या.

आजी वाफ्यांपाशी थांबल्या, पायरीवर बसल्या आणि एक भुरं मांजर त्यांनी मांडीवर घेतलं. अरबीत काहीतरी म्हणाल्या. अबू सामींनी माझ्या कानात सांगितलं, “म्हणतात, या कंपाउंडात पहिल्यांदा कुणीतरी आरामात बसलेलं दिसलं.”

फुलांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दुपारपर्यंत पिटुनिया शिजले.

काँट्रॅक्ट रिन्यू झालं. आजींच्या सांगण्यावरून मॅडमनी एक काम वाढवलं: उन्हाळाभर हे वाफे गार ठेवायचे, मांजरांसाठी. फुलं लावायची नाहीत. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री माणूस, पुढची कित्येक वर्षं मांजरांच्या अंथरुणाला पाणी घातलं. मुलगी तिथेच शिकून मोठी झाली.

या धंद्यातली नवी पोरं विचारतात, सप्टेंबरात काय लावावं. मी सांगतो, काही लावू नका. आधी मालकाच्या आईला काय आवडतं ते विचारून या.