पहिलं शहाळं ऐरणीला

कोयता घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी एकच विचारते, कापणार काय? नारळ, बांबू, केळीचे घड, काय असेल ते सरळ सांगायचं. ‘असंच, घरात असावा म्हणून’ म्हणणाऱ्याला मी आल्या पावली परत पाठवते. परवा दोघेजण मोबाइल काढून उभे राहिले, चमकणारा दाखवा, रील करायचंय म्हणाले. त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आले तेव्हा कुठे माझं डोकं शांत झालं.

कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागच्या बाजूला आमचा गाळा आहे. वडील गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी इथे भट्टी टाकली. ते गेल्यापासून गाळा मी चालवते. घणावर आमचे काका असतात, म्हणजे नात्याने कोणी नव्हेत, वडिलांच्या वेळेपासूनचे कारागीर. ट्रकच्या जुन्या कमानीचं पोलाद ते तापवून ठोकतात. घासणं, धार लावणं, मूठ बसवणं माझ्याकडे. मालक कुठायत, असं विचारणारे अजूनही येतात. मी त्यांच्या हाताचं माप घेते, मनगट दाबून बघते आणि मूठ अशी बसवून देते, की पुढच्या वेळी ते मालकाची चौकशी करत नाहीत.

वडिलांनी घालून दिलेली एक रीत आहे. नवा कोयता असा कागदात गुंडाळून द्यायचा नाही. पात्याच्या पाठीला कुंकू लावायचं, गिऱ्हाइकाने तो उजव्या हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि आमच्याच ओंडक्यावर एक शहाळं कापायचं. त्या शहाळ्याचं पहिलं पाणी ऐरणीला, उरलेलं सगळ्यांनी प्यायचं. रीत ती रीत आणि चाचणी ती चाचणी. माणूस कापतो कसा हे मला तेव्हाच कळतं. कुठे जड, कुठे हलकं, ते मी तिथल्या तिथे दुरुस्त करते.

तर एक दिवस नायगावहून एक बाई आली, तिशी-पस्तिशीची. परळला हॉस्पिटलच्या फाटकाशी तिच्या नवऱ्याची शहाळ्याची गाडी. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला होता, म्हणून गाडीवर आता ही उभी राहत होती. नवऱ्याचा कोयता तिने पिशवीतून काढला. माझ्या वडिलांच्या हातचा होता, पात्यावरचा ठोका बघूनच मी ओळखला.

“ताई, हा हलका करून द्या,” ती म्हणाली. “मला झेपत नाही. सटकतो. भाऊजी म्हणतात, बाईचं काम नाही हे, मी माझा माणूस उभा करतो. गाडी एकदा त्यांच्या हातात गेली की परत येणार नाही.”

घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. गाडी गेली तर गाव गाठावं लागेल, असं ती म्हणाली, आणि गावात औषधाच्या गोळीसाठीही तालुक्याला जावं लागतं.

वडिलांच्या कोयत्याला मी हात लावणार नव्हते. नवा करते म्हटलं. रुंदी कमी केली, मूठ बारीक केली. तिने रीतसर उजव्या हातात घेतला, कपाळाला लावला आणि ओंडक्यावरच्या शहाळ्यावर घाव घातला. पातं उसळून वर आलं. हलक्या कोयत्याचं हे असंच होतं, सालच त्याला ऐकत नाही. मी तो ठेवून घेतला आणि दुसऱ्यात टोकाकडे वजन राहू दिलं, म्हणजे मनगटाला त्रास नाही आणि घाव आपल्या वजनाने बसतो. या वेळी शहाळं उघडलं. हात थोडा अवघडलेला होता, पण नवीन माणसाचा असतोच. मी खूश होते. ऐरणीला पाणी घातलं आणि बाकीचं आम्ही तिघांनी प्यायलं.

थोड्याच दिवसांत ती परत आली, तेव्हा अंगठ्याला पट्टी होती. “पुन्हा सटकला,” एवढंच म्हणाली, आणि रडू आवरायला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. भाऊजींनी रविवारपर्यंतची मुदत दिली होती.

मला रागच आला. माझा कोयता सटकतो म्हणजे काय? काकांनी पातं उलटंपालटं करून बघितलं. “बाय, पात्याक काय एक झालेला नाय,” ते म्हणाले. धार जशीच्या तशी होती. मी तिच्यावर उखडणारच होते, तेवढ्यात पट्टीकडे नीट लक्ष गेलं. पट्टी उजव्या अंगठ्याला होती.

कोयता उजव्या हातात धरणाऱ्याचा उजवा अंगठा कापेल कसा?

“गाडीवर कापतेस तशी काप बघू,” मी म्हटलं. “ओंडका नको. शहाळं हातात धर.”

ती काकांकडे बघायला लागली. मग शहाळं उजव्या तळव्यावर घेतलं आणि कोयता डाव्या हातात. हात असा सुटला, की पहिल्यांदाच मला तिचा खरा हात दिसला. झपाझप, कुठेही न अडखळता. फक्त पातं सालात शिरायच्या ऐवजी त्याच्यावरून खाली घसरत होतं, आणि खाली तिचीच बोटं होती. मी धावत जाऊन थांबवलं.

आमच्या कोयत्याचं एक अंग सपाट असतं आणि दुसऱ्या अंगाला उतार. सपाट अंग शहाळ्याच्या बाजूला असलं की पातं आत शिरतं, उतार शहाळ्याकडे आला की घसरतं. हात बदलला की अंगही बदलतं. वडिलांचा कोयता उजव्याचा, माझे दोन्ही उजव्याचे. वजनाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

“तू डावखुरी आहेस हे सांगायचं नाही?” माझा आवाज चढलाच.

“नव्या हत्याराला डावा हात कसा लावणार ताई? तुम्ही कुंकू लावून दिलंत.”

आमची चाचणी कापणाऱ्याचा हात बघण्यासाठी, आणि आमचीच रीत तो हात लपवत होती. किती डावखुरे आमच्याकडून असे अवघडत कापून, पाणी पिऊन, हसतमुखाने गेले असतील, कोण जाणे.

तिसरा कोयता मी त्याच दिवशी घासायला घेतला. उतार दुसऱ्या अंगाला दिला, मूठही डाव्या पकडीची वळवली. कुंकू लावलं. तिने सवयीने उजवा हात पुढे केला. मी कोयता मागे घेतला.

“डावा,” मी म्हटलं.

काका घण ठेवून उभे राहिले. “मालक असते तर...” ते पुटपुटले.

“मालक मी आहे काका.”

तिने डाव्या हातात घेतला आणि कपाळाला लावला. शहाळं तीन घावांत उघडलं, थेंबभर पाणी न सांडता. ऐरणीने ते पाणी कुठल्या हाताचं म्हणून विचारलं नाही.

रविवारी मी मुद्दाम परळला गेले. आपला माल धंद्यावर कसा चालतो ते बघायचं होतं आणि खरं सांगायचं तर भाऊजींचं तोंडही बघायचं होतं. ते गाडीला टेकूनच उभे होते, शेजारी त्यांचा माणूस. ती एकामागून एक शहाळी कापत होती आणि गिऱ्हाइकांची रांग पुढे सरकत होती. भाऊजींना बोट ठेवायला जागा मिळेना, तेव्हा ते म्हणाले, “डाव्या हातानं धंदा करतात का कधी? लोक घेतील का?”

तिने त्यांच्यासाठी एक शहाळं उघडलं, त्यात नळी घातली आणि पुढे केलं. कोयता डाव्या हातात, शहाळं उजव्या हातात होतं.

“इथून दादरपर्यंत सगळे शहाळेवाले डाव्या हातानं देतात, भाऊजी,” ती म्हणाली. “मीच एक उजव्यानं देते. घ्या.”

त्यांनी घेतलं.