विहिरीवरच्या बावीस पाठी

"भिंतीकडे," कुसुमताई म्हणाली, आणि विहिरीवरच्या बावीस पोरींनी मुकाट्यानं भिंतीकडे तोंडं केली.

चांद्याला आमची मुलींची ट्रेनिंग शाळा होती. तिच्या वसतिगृहाची ती रीतच. थोरल्या पोरींना कुणाला मारायचं असलं की बाकीच्यांनी भिंतीकडे फिरायचं. मग मेट्रनबाईंनी विचारलं की शपथेवर सांगायचं, "आमी नाई पाहिलं, बाई." खोटं बोलल्याचं पापसुद्धा नको. शिकलेल्या पोरींची अक्कल.

त्या दिवशी मार माझ्या वाट्याला होता. मी विहिरीच्या दोराला हात लावला होता. मी महाराची. मी घागर घेऊन बाजूला उभं राहायचं आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं. अकराला मुलांपुढं शिकवायचा माझा पहिला तास होता. साडेदहा होऊन गेले, कुणी ओतेना. मीच बादली सोडली.

"तुले दोर कोनं धरू देल्ला?" कुसुमताईनं विचारलं. थोरल्या पोरींची ती म्होरकी; बाप मालगुजार, म्हणजे गावांचा जमीनदार. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण हिच्या हातातून गेली नव्हती. दोन थपडा दिल्या. राखेनं दोर घासायला लावला आणि ते राखेचं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. बदलायला दुसरं लुगडं नव्हतं. तशीच वर्गात गेले. फळ्यावर लिहायला हात वर केला की कोपरावरून काळं पाणी गळायचं. पोरं हसली. हसणारच.

कुसुमताईचा राग आला, पण त्या बावीस पाठींचा जास्त आला. त्यात सरूची पाठ होती. माझ्या शेजारच्या खाटेवरची सरू, रोज गणित विचारायला माझ्याकडेच यायची.

आणि मी काय केलं? पुढं दोनदा दुसऱ्या पोरींची पाळी आली, तेव्हा मीही भिंतीकडे फिरले. सगळ्यांच्या आधी. हे सांगताना आजही लाज वाटते. पण जाणार कुठं? गावात बाप सांगत सुटला होता, "पोरगी मास्तरीन होऊन राह्यली." नाव कापलं असतं तर परत मालगुजाराच्याच कुणाच्या गोठ्यात शेण काढायचं. मास्तरकीचा दाखला हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. रोज सकाळी उठले की दाखल्याला किती महिने उरले ते आठवायचं आणि खाली मान घालायची.

पावसाळा सरल्यावर सोमी आली. भामरागडकडची माडिया गोंड पोरगी. पोटऱ्यांवर गोंदण. तिच्या आईनं हौसेनं गोंदवून घेतलेलं.

"इन्स्पेक्टरीनबाई येऊन राह्यली," कुसुमताई म्हणाली. "हे जंगली नक्षी घासून काढा लागते." दोघी थोरल्या पोरींनी सोमीला विहिरीच्या कट्ट्यावर दाबून धरलं. कुसुमताईनं विटेचा तुकडा उचलला.

"भिंतीकडे."

मी फिरले. भिंतीचा चुना नाकाला लागत होता. मागं वीट घासत होती. सोमी "यायो, यायो" म्हणून ओरडत होती. गोंडीत आईला यायो म्हणतात, हे मला तिनंच शिकवलं होतं. मग तिचा आवाज बंद झाला. वीट चालूच राहिली.

मी वळले. सोमीच्या पोटऱ्यांवरून रक्त ओघळत होतं. गोंदण जागच्या जागी होतं.

"तोंड तिकडं कर," कुसुमताई म्हणाली.

"मी पाहून राह्यली, ताई."

मग म्हणाले, "सरू, तूबी पाह्य."

सरू बराच वेळ हलली नाही. मग फिरली. तिच्या मागं आणखी तिघी. बाकीच्या तशाच. पण पाच जणींच्या डोळ्यांपुढं कुसुमताईचा हात चालेना. तिनं वीट विहिरीत फेकली. मी सोमीला धरून उठवलं.

दुपारी मेट्रनबाईंनी बोलावलं. टेबलावर कागद होता. "नाई पाहिलं असं लिहून दे. सगळ्याइनं लिहिलं. नाई त तुले दाखला नाई भेटत."

कागदावर चौथी सही सरूची होती. त्या तिघींच्याही होत्या.

मला रडू आलं. बापाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. मी टाक उचलला. लिहिलं: मी पाहिलं. कुसुमताईनं सोमीला विटेनं घासलं. याआधी दोनदा मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, तेव्हाचा मारही मी ऐकला आहे. खाली माझं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव.

"आयुष्याचं वाटोळं करून राह्यली तू," मेट्रनबाई म्हणाल्या.

"होऊ द्या, बाई."

दाखला मिळाला नाही. मी मास्तरीण झाले नाही. बाप वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. पण त्या दिवसापासून मी भिंतीकडे फिरले नाही, आणि फिरणार नाही. माझ्यासमोर कुणाला मारायचं असेल, तर आधी माझे डोळे फोडावे लागतील.