पडवी कापलेला हॉल

चर्चचा जुना हॉल पाडायचा ठरतोय, असं नव्याने आलेल्या फादरांनी मिटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा मी हातातला चहा न पिताच खाली ठेवला. तो हॉल माझा. धुळ्याहून येऊन इथे आमली गावात दुसऱ्याच्या हाताखाली गवंडीकाम करणारा मी त्या कामावर कॉन्ट्रॅक्टर झालो. माझ्या नकाशात पश्चिमेला रुंद पडवी होती. कमिटीने काटकसर म्हणून ती कापली आणि पुढे दर उन्हाळ्यात लोक हॉलला माझ्या नावाने ‘शेठची भट्टी’ म्हणू लागले. पडवी कापणारे नामानिराळे राहिले.

आता निसर्गाला धरून नवी इमारत हवी होती. मुंबईच्या आर्किटेक्ट मॅडमनी नकाशा पसरला. मातीच्या विटा, छपरावर सोलर, पावसाच्या पाण्याची टाकी. आणि पश्चिमेला रुंद पडवी. माझं डोकंच फिरलं.

“धडधाकट भिंती पाडून ट्रक भरभरून डबर काढणार, वर नव्या विटा आणणार, आणि याला निसर्ग म्हणायचं? भिंती ठेवा. भट्टी म्हणता ना? चला, आत्ता भरदुपारी तिथे बसून दाखवतो.”

“जेवून बसा शेठ, चक्कर येईल,” कमिटीतल्या खानवेलच्या मावशी म्हणाल्या. सगळे हसले.

बोलून बसलो होतो. फादर, मॅडम आणि मावशी तेवढे बरोबर निघाले; मैदान ओलांडताना मी पावलं आखडती घेतली. मे महिन्यातला तो हॉल मला ठाऊक होता.

पण आदल्या दिवशी तिथे लग्न झालं होतं. इकडे लग्न चर्चमधलं असलं तरी जांभळाच्या फांद्यांचा मांडव लागतोच. तो पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून लागून घातलेला होता, अजून सोडलेला नव्हता.

आत गेल्यावर मॅडमनी त्या भिंतीवर तळहात ठेवला. तसाच सरकवत पुढे गेल्या आणि एकदम हात उचलला. “बाहेर मांडव आहे तिथवर भिंत गार, तो संपतो तिथून पुढे तापलीय.”

सौद्यात समोरचा विचार करत असला की आपण तोंड उघडायचं नसतं.

त्यांनी वर बघितलं. “पत्रा जाणार.”

“न्या. भिंतींना हात लावायचा नाही.”

“खिडक्या मोठ्या करणार.”

“उत्तरेच्या करा.”

“दक्षिणेच्याही.”

“करा. पण पडवी मी माझ्या नकाशात काढली होती तेवढी रुंद हवी.”

“तुम्ही काढली होती?”

फादर माझ्याकडे बघू लागले. मी मावशींकडे. त्या काळच्या कमिटीतल्या तेवढ्या एकट्या उरल्या होत्या.

“शेठनीच काढली होती, फादर,” मावशी सावकाश म्हणाल्या. “आम्ही कापली.”

“मग भिंती राहू द्या,” फादर म्हणाले.

माझा राग मात्र उतरेना. “मावशी, हे इथे नाही. मिटिंगमध्ये, सगळ्यांसमोर बोला.”

“बोलते,” त्या म्हणाल्या. “आधी मांडवाखाली या, घामाने निथळताय.”