गोठ्यात टांगलेली वेबसाईट

"दिसतंय तोवर घ्या!"

एवढं म्हणून ताई मोबाईल वर करायच्या आणि फोटो काढायच्या. 'कसं काय, बरं आहे ना' हे त्यानंतर. ग्रामपंचायतीचा फळा, दवाखान्याच्या दारावर डकवलेला कागद, एसटीचं वेळापत्रक, काही म्हणजे काही सुटायचं नाही. त्या स्टँडवर उतरल्या की सरकारी पाट्या आपोआप सरळ उभ्या राहायच्या. खोटं वाटेल तुम्हाला, पण हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझं नसरापुरात फ्लेक्स छापायचं दुकान. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांतला एकही वाढदिवस माझ्या मशीनखालून गेल्याशिवाय साजरा होत नाही. ज्याला घरात कुणी चहा विचारत नाही, त्यालाही मी 'भावी आमदार' करून चौकात टांगलाय. तेव्हा माणसं वाढवून सांगायची सवय धंद्यातलीच आहे. ताईंना मात्र मी कमीच करून सांगतोय.

त्या पत्रकार. पुण्यात एका पेपरात आकड्यांच्या बातम्या करायच्या. ते सोडून विंझरला माहेरी आल्या आणि साप्ताहिक काढलं. दर सोमवारी सरकारी वेबसाईटची ठरलेली पानं उघडायची, जपून ठेवायची, मागच्या आठवड्याच्या पानांशी ताडून बघायची. एखादं पान नाहीसं झालं की साप्ताहिकात त्याची निधन वार्ता.

'विहिरींच्या पाणीतपासणीचं पान. प्रकृती ठणठणीत होती. गुरुवारी अचानक गेलं. मागे ते पाणी पिणारी गावं, असा परिवार.'

ही वार्ता वाचून एक आजोबा दहावा कुठल्या घाटावर ते विचारायला आले होते.

एकदा दुकानात आल्या आणि कोपऱ्यातल्या ढिगाकडं बोट दाखवलं. रोल संपताना उरतात ते तुकडे.

"शेठ, ह्याचं काय करता?"

"फेकतो."

"फेकू नका. ह्यावर माझी पानं छापून द्या."

"ताई, वेबसाईटचं पान फ्लेक्सवर? कुणाचा वाढदिवस?"

"शेठ, कागद वाळवी खाते. मोबाईल पाण्यात पडतो. पण आपल्याकडं फ्लेक्स टाकून दिलेला माणूस दाखवा मला!"

खरंच होतं. आमच्याकडं पावसाळ्यात फ्लेक्स म्हणजे सोनं. गोठ्यावर फ्लेक्स, पेंढ्यावर फ्लेक्स, सरपणावर फ्लेक्स. निवडणुकीत पडलेला उमेदवार पुढं चार वर्षं म्हशी कोरड्या ठेवतो. मग काय, ताईंनी वाड्यावाड्यांत पानं वाटली. एकच अट. अक्षरं आतल्या बाजूला, पाठ पावसाला. म्हणजे छपाई टिकते. वर्षभरात असं झालं की सरकारची वेबसाईट बंद पडली तरी चालेल, वेल्ह्यात गोठ्यागोठ्यानं फिरलं की सगळी वाचून व्हायची. तीही धारोष्ण.

त्यातच एक दरडीच्या धोक्याचा नकाशा होता. ज्या वाडीवर डोंगर येऊ शकतो, तिथं लाल ठिपका. गुंजवण्याकडं कड्याच्या पायथ्याशी एक वाडी आहे, तिच्यावर ठिपका होता. ठिपका असला की रस्त्याकडची सुरक्षित जागा मिळणार, असं ठरलेलं. त्या वाडीतली माणसं पावसाळाभर चपला उशाशी घेऊन झोपायची. वर दगड खडखडला की पोरं उचलून पळायचं.

नकाशाची पहिली प्रत माझ्या हातून बिघडली. ठिपके टोमॅटोएवढे आले. ताई म्हणाल्या, "शेठ, हा नकाशा आहे का भाजीबाजार?" दुसरी छापून दिली. बिघडलेली दुकानात पडून राहिली आणि पुढं कुणीतरी मागून नेली. कोण ते मी विसरलो.

मग नवी वेबसाईट आली. दिसायला नवरी! रंग काय, फिरती चित्रं काय. फक्त नकाशा नव्हता. ठिपका नाही म्हणजे धोका नाही, आणि धोका नाही म्हणजे जागा नाही. वाडीची फाईल बंद.

ताईंनी जुनी पानं, नवी पानं शेजारीशेजारी छापून बातमी केली आणि थेट कार्यालय गाठलं. कुठलं कार्यालय ते विचारू नका, मला धंदा करायचाय. सोबत वाडीतल्या धोंडाबाई, गोठ्यावरचा फ्लेक्स काढून काखोटीला मारलेला. आणि टेम्पो माझा, म्हणून मी.

ताईंनी मोबाईलमधलं जुनं पान दाखवलं, साहेब बघून हसले. "मॅडम, मोबाईलमधलं चित्र हल्ली कुणीही बनवतं. असा नकाशा कधी नव्हताच."

धोंडाबाईंनी फ्लेक्स टेबलावर पसरला. शेणाचा वास खोलीभर झाला.

"न्हाई कसा? रोज धार काढताना आमी ह्यो बघतो. ही बघा, ही लाल टिकली आमची. आमी आमचं मरान रोज सकाळी वाचायचं, आन तुमी म्हंता न्हाईच?"

"आजी, हा काल छापला असेल." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "या शेठनीच ना?"

मंडळी, मला जो घाम फुटला त्यावर एक एकर भात निघाला असता. ताईंनी फ्लेक्स गुंडाळला. आम्ही बाहेर आलो. ऊन रणरणतं. धोंडाबाई "देवा" म्हणत साहेबांच्या गाडीच्या शेडखाली टेकल्या, मान मागं टाकली आणि ओरडल्या,

"अगं ताई! आमची टिकली हितं बी हाय!"

वर पाहतो तर काय, माझा भाजीबाजार! तेव्हा आठवलं. शेड गळते म्हणून इथलाच शिपाई दुकानातनं फ्लेक्स मागून घेऊन गेला होता. अक्षरं आत, पाठ पावसाला.

आणि कडेला पांढऱ्या रंगात नंबर आणि साल. सरकारी वस्तू म्हटली की तिच्यावर ब्रशनं नंबर पडतोच, खुर्ची असो की पंखा. इथले कारकून भाऊसाहेब तर असे की पाहुणा जास्त वेळ बसला तर त्याच्यावरही टाकतील. साल होतं नव्या वेबसाईटच्या दोन वर्षं आधीचं.

ओरडा ऐकून सगळं कार्यालय बाहेर आलं. भाऊसाहेबांनी चष्मा लावून नंबर वाचला आणि अभिमानानं म्हणाले, "साहेब, अक्षर माझंच. नकाशा आपल्याच मालमत्तेत आहे."

"साहेब," ताई शांतपणे म्हणाल्या, "हाही काल छापला का?"

साहेबांची मान दोन पावसाळे त्या नकाशाखालून गाडीत बसली होती. ती पहिल्यांदा वर झाली, आणि लगेच खाली आली.

आठवड्यात नकाशा वेबसाईटवर परत! ताईंनी निधन वार्तेच्या जागी 'बारसं' छापलं. वाडीची फाईल उघडली, जागा मिळाली, उन्हाळ्यात घरं उभी राहिली. सामान हलवायला टेम्पो माझाच. धोंडाबाईंची म्हैस काही केल्या त्यात चढेना. शेवटी पत्रकारितेनं मागून रेटा दिला, तेव्हा चढली.

पुढं ताई घाटाखाली कोकणात गेल्या. तिथंही डोंगर आहेत आणि तिथंही पानं नाहीशी होतात.

त्या आषाढात असा पाऊस लागला की राजगड दिसायचा बंद झाला. एके सकाळी दूध गोळा करणारा माझ्याकडं धावत आला, तोंडाचा पार रंग उडालेला. नव्या वाडीत हॉर्न वाजवून दमला, दारं बडवली, एक माणूस बाहेर येईना. आम्ही दोघं गेलो. मी धोंडाबाईंचं दार जोरजोरात ठोकलं. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

"कोन हाय रं? झोपू दे की!"

ताईंना लगेच फोन लावला. सगळं सांगितलं. नऊ वाजून गेलेत, पाऊस कोसळतोय आणि आख्खी वाडी चपला दाराशी सोडून घोरतेय.

पलीकडून काहीतरी ऐकू आलं. हसू होतं की हुंदका, ते घाटातल्या रेंजनं कळू दिलं नाही.