माफीची सुपारी

नाव: लिम छुन-तेक. वय: सत्तावन्न. व्यवसाय: अननसाची मालवाहतूक. सवय: चुना लावलेली हिरवी सुपारी, रोज तीस नग, बत्तीस वर्षे. शेरा: चार महिन्यांपासून बंद.

आरोग्य केंद्राच्या कार्डावर एवढंच होतं. गालातला पांढरा चट्टा कापताना डॉक्टर म्हणाले होते, "पुढचा चट्टा साधा नसेल." आमच्या सुपारीत तंबाखू नसतो, म्हणून ती निरुपद्रवी, असं तेक बत्तीस वर्षं सांगत आला होता. डॉक्टरांनी ते ऐकूनच घेतलं नाही. सुपारीच पुरते, म्हणाले.

आता शेजारच्या थिआम-होकने देवळापुढे, भर गर्दीत, तेकच्या ट्रकातल्या अननसांना पाणचट म्हटलं होतं. आमच्याकडे अशा अपराधाला उपाय एकच: चुकणाऱ्याने घरी येऊन सगळ्यांना सुपारी वाटायची. समोरच्याने चघळली की भांडण मिटलं. तीन आठवडे तोंड लपवून फिरल्यावर थिआम-होक गावप्रमुखांना पुढे घालून अंगणात आला. मागे निम्मी गल्ली.

"घे, तेकभाऊ."

तेकच्या तोंडाला पाणी सुटलं. बायको बी-हुई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मी सोडलीय."

"म्हणजे माफ करत नाहीस."

"माफ केलं रे! सुपारी नको."

"सुपारीशिवाय माफी? मग ती काय मोफत वाटतोस?"

गावप्रमुखही गोंधळले. पन्नास वर्षांत असा पेच पडला नव्हता. तेकने हात पुढे केलाही होता. बी-हुई खोकली. तो हात मागे गेला.

"हे बघ," म्हणत त्याने तोंड उघडलं आणि तीन बोटं उभी धरून आत घालून पाहिली. दोनच गेली. "धड माणसाची तीन जातात. सुपारीने माझं तोंड मिटत चाललंय. आता तू घाल."

"मी कशाला?"

"भितोस?"

भित्रा म्हटल्यावर थिआम-होक थांबतो थोडाच! त्याने बोटं घातली. एकच गेलं, दुसरं दातांवर अडलं. मग अंगणातल्या चौदाही जणांनी आपापली बोटं तोंडात घातली आणि पाच मिनिटं गावात कुणी कुणाला शिवी दिली नाही. बी-हुईच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

"थिआम-होक भाऊजी, तुमचं तर कुलूपच लागलंय!"

शेवटी गावप्रमुखांनी निवाडा केला: माफीची सुपारी कोपऱ्यावरच्या भूमिदेवापुढे ठेवावी, देवाच्या गालाला काही होत नाही. तेकने ती स्वतःच्या हाताने ठेवली, बोटं पॅन्टला पुसली आणि मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कठीण होतं.

सोमवारी दोघे एकाच ट्रकातून दवाखान्यात गेले. थिआम-होकच्या गालातही चट्टा निघाला, पण वेळेत सापडला. वाटेत त्याने एक अननस खाल्ला आणि गोड असल्याचं कबूल केलं.

आरोग्य केंद्राच्या अहवालात नोंद झाली: 'मौखिक आरोग्य जनजागृती शिबिर यशस्वी, उपस्थिती चौदा.' अंगणात त्या दिवशी केंद्राचं कोणीही नव्हतं.